आवरलेली चोरी

"दोन दिवस घर सोडून गेलं तर कुलूपसुद्धा जागेवर ठेवलं नाही मेल्यांनी. पायपुसणं गेलं तेव्हाच मी म्हटलं होतं, हे इथं थांबायचं नाही."

ही पुटपुट भिंतीला उद्देशून चालली होती, तरी वहिनींना ती अक्षर न् अक्षर ऐकू आली. न येऊन सांगते कुणाला? हेडबाईंचं दार आणि वहिनींचं दार इतकं जवळ, की दोघींनी एकाच वेळी आपापलं दार पुसायला घेतलं तर कोपराला कोपर लागतं. वहिनी दुधाची पिशवी घ्यायला दारात आल्या होत्या. समोर बाई बहिणीकडून परतलेल्या, खांद्याला पिशवी, हातात किल्ली, आणि ती किल्ली कुठं घालावी या विचारात.

वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी, हे त्या इमारतीत कुणालाही सांगता आलं नसतं. राहायला आल्या त्या दिवशी त्यांच्या दिरानं जिन्यातून "वहिनी, कपाट तिरकं करा" म्हणून आरोळी ठोकली. ती सगळ्या मजल्यांनी ऐकली आणि नाव पक्कं झालं. हेडबाईंचं तर विचारायलाच नको. शाळेतून निवृत्त होऊनही जमाना झाला, पण अजून त्या जिना उतरायला लागल्या की पायऱ्यांवर गप्पा छाटत बसलेली, स्वतःला पोरंबाळं असलेली माणसंसुद्धा पाय जवळ घेऊन बसतात.

"अहो बाई," वहिनी म्हणाल्या, "कुलूपच कशाला, कडीपण नाहीये."

बाईंनी चष्मा नाकावर खाली केला, मग वर केला. कडीच्या जागी चार भोकं होती आणि उंबऱ्यावर थोडा लाकडाचा भुसा. त्यांनी दाराला बोट लावलं. एरवी जे दार खांदा लावल्याशिवाय हलत नसे, ते मोठ्या अदबीनं उघडलं.

आतला देखावा काय वर्णन करायचा. कपाटाची दोन्ही दारं उघडी आणि त्यातले झाडून सगळे कपडे पलंगावर, पलंगावरची गादी जमिनीवर, जमिनीवरची चटई खिडकीत. पुस्तकं उपडी पडलेली. उशीचा अभ्रा गायब. चोरानं सामान भरायला पिशवी आणली नव्हती, हे उघड होतं. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं एकीकडे आणि डबे दुसरीकडे, सगळीकडे पिठाचे पांढरे पाय. बिस्किटांचा डबा रिकामा. आणि ओट्यावर पाण्याचा एक ग्लास, अर्धा प्यालेला.

"पाणीसुद्धा पूर्ण प्यायला नाही," वहिनी म्हणाल्या. अशा वेळी माणसाला काय सुचेल त्याचा नेम नसतो.

बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिल्या. तिथं त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेली ढाल असायची, 'आदर्श मुख्याध्यापिका' असं कोरलेली. ती आता खुर्चीत नीट टेकवून ठेवली होती.

"ही काढली," बाई म्हणाल्या, "बघितली, आणि ठेवून दिली."

"वजन करून पाहिलं असेल हो."

"तेच म्हणतेय मी."

रेडिओ गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं, कपाटातल्या दोन बांगड्या गेल्या. पण बाईंच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की ही ढाल नेली असती तर त्यांनी चोराला अर्धं माफ केलं असतं.

तेवढ्यात वहिनींचे यजमान आले. ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतात. आयुष्यभर ते काम केल्यामुळे, जगात काहीही घडलं की ते आधी कुणाला तरी कळवायचं असतं, अशी त्यांची पक्की धारणा झाली आहे. त्यांनी दारातून एकदा आत डोकावलं, "अरे बापरे" म्हटलं, घरी परत गेले आणि दोन मिनिटांनी हातपाय धुऊन आल्यासारखे प्रसन्न होऊन पुन्हा उगवले.

"कळवलं," ते म्हणाले.

"पोलिसांना?"

"पोलिसांना खालचे सेक्रेटरी कळवताहेत. मी बाईंच्या मुलाला कळवलं. उद्या सकाळीच येतोय. म्हणाला, आईचं सामान बांधून ठेवा, बरोबर घेऊनच जातो. या खेपेला मी काही ऐकणार नाही, म्हणाला."

वहिनींनी नवऱ्याकडे जे पाहिलं, ते लग्न झालेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

बाईंचं 'बरं' वहिनींच्या चांगलं ओळखीचं होतं. भाजीवाल्याचं वजन कमी भरलं की वेगळं, टीव्हीवर कुणी खोटं बोललं की वेगळं. हे 'बरं' मात्र त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्याला ना धार होती ना शेवट.

आता इथं खरं तर वहिनींनी एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मुलगा आईला घेऊन जातो म्हणतोय, चांगला मुलगा आहे, महिन्याच्या महिन्याला येऊन औषधं भरून जातो. त्या दोघांच्या मध्ये 'जाऊ नका' म्हणणाऱ्या आपण कोण? शेजारीण. शेजारणीनं विरजण मागावं, किल्ली सांभाळावी. आणि उद्या खरंच काही कमी-जास्त झालं तर? लोक म्हणतील, हिनंच थांबवलं होतं. म्हणून वहिनींनी ते वाक्य गिळलं. वर त्यावर पाणीही प्यायल्या. पण रोज दुपारी कामं आटोपली की त्या बाईंच्या खिडकीशी जाऊन बसत. तिथं कुणी त्यांच्याकडे काही मागत नसे, कुणी "अगं, माझा रुमाल" म्हणत नसे. दोघी पेपरमधल्या बातम्यांवरून भांडत आणि भांडून ताज्यातवान्या होत. ते उद्यापासून नाही, हा विचार आला आणि वहिनींच्या हातांना काहीतरी करावंसं वाटायला लागलं.

वहिनींच्या हातांना काही करावंसं वाटलं की ते एकच करतात. आवरतात.

"बाई, तुम्ही आमच्याकडे जाऊन बसा. मी एवढं जरा मागं सारते."

"पोलीस येणार आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी पलंगावरच्या ढिगाकडे पाहिलं. त्यात त्यांचे आतले कपडे, जुने परकर, पाय दुखण्याचे पट्टे असं सगळं जगापुढं मांडून ठेवलेलं होतं. "माझं घर असं बघणार ते?"

झालं. या एका वाक्यावर पुढचं सगळं रामायण घडलं. पोलिसांसमोर लाज जायला नको, ही एक गोष्ट. आणि मुलगा उद्या येईल तेव्हा त्याला घर कसं दिसायला हवं? नेहमीसारखं. काही झालंच नाही असं. मग तो म्हणेल, अरे, एवढं काही नाही की. चहा पिईल आणि जाईल. वहिनींच्या डोक्यात ही योजना इतकी स्पष्ट उमटली, की त्यांनी पदर खोचला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी काय केलं नाही ते विचारा. कपडे घड्या करून रंगावार लावले. पुस्तकं पुसली. पिठाचे पाय फिनेलनं दोनदा पुसले. खिडक्यांच्या काचासुद्धा पुसल्या, ज्यांना चोरानं हातही लावला नव्हता. आपल्या फोननं काय करून ठेवलं, याचा अंदाज यजमानांना एव्हाना आला होता. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून सुताराला धरून आणलं आणि दाराला नवी कोरी कडी, नवं कोरं कुलूप बसवून घेतलं. मोडकी कडी सुतार भंगारात घेऊन गेला.

हवालदार आले ते शिंकतच. बारीक अंगाचे, कंटाळलेले, सर्दीनं नाक लाल झालेले. त्यांना घेऊन आलेले सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात आणि जिन्यात घडलेल्या प्रत्येक गोष्टीवर फळ्यावर सूचना लिहितात. या वेळची सूचना तयार होती: रहिवाशांनी अनोळखी चोरांना आत घेऊ नये.

"दवाखाना आहे का वर?" हवालदारांनी जिन्यातच विचारलं.

"फिनेल आहे ते," वहिनी म्हणाल्या. "या ना."

हवालदार आत आले. चकाकणाऱ्या फरशीवर त्यांनी बूट काढावेत की नाही याचा विचार केला आणि चक्क काढले. मग मोज्यांवर उभं राहून सगळीकडे पाहिलं.

"चोरी कुठल्या घरात झाली?"

"याच."

"याच?"

"अहो, काय सांगू तुम्हाला. पार उद्ध्वस्त केलं होतं हो घर. पाय ठेवायला जागा नव्हती."

"मग आता ती झाली कुठून?"

"मी केली," वहिनी म्हणाल्या. आयुष्यात दोन-चार वेळाच अशा सुरात बोलायची संधी येते.

हवालदारांनी एक शिंक दिली, ती संपायची वाट पाहिली, मग वही उघडली. "चोर काही खाऊन-पिऊन गेला का? कप, ग्लास, असं काही? त्याच्यावर बोटांचे ठसे मिळतात."

"गेला ना. बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला. ग्लास ओट्यावरच होता."

हवालदारांचा चेहरा प्रथमच उजळला. "कुठाय?"

"हा काय." वहिनींनी मांडणीतला ग्लास काढून दिला. तो आरशासारखा लखलखत होता. "दोनदा घासलाय. कुणाचं तरी तोंड लागलेलं."

हवालदारांनी ग्लास हातात घेतला, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, आणि परत दिला.

"मोडलेली कडी?"

"नवी बसवली," यजमान पुढे होऊन म्हणाले. "आता दार पक्कं आहे."

"आणि जुनी?"

"भंगारात गेली."

"म्हणजे," हवालदार हळूहळू म्हणाले, "दार मोडलेलं नाही. सामान विसकटलेलं नाही. ग्लास धुतलेला. मी लिहू काय? चोर आला आणि साफसफाई करून गेला?"

बाईंनी एवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "वस्तू गेल्या आहेत ना. लिहून घ्या. रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, इस्त्री, दोन बांगड्या."

बाई सांगायला लागल्या की माणूस आपसूक लिहून घेतो. हवालदारांनी लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. मग बूट घालताना म्हणाले, "उद्या सकाळी साहेब येतील, ठसेवाल्याला घेऊन. त्यांना हे दाखवलंत तर ते माझं डोकं खातील. आता एकच करा. जसं होतं तसं करून ठेवा."

आता, वैतागलेला माणूस असं बोलतो. मुलानं दूध सांडलं की आपण म्हणतोच, आता भर परत. पण वहिनींचे यजमान सरकारी माणूस. त्यांनी ते वाक्य हुकूम म्हणून ऐकलं, आणि हवालदार पहिला मजला उतरायच्या आत मान डोलावून म्हणाले, "करून ठेवतो."

वहिनी मात्र वेगळ्याच हिशोबात पडल्या. सकाळी साहेब येणार, त्यांना घर विसकटलेलं हवं. सकाळीच मुलगा येणार, त्याला घर आवरलेलं दिसायला हवं. घर एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाईंकडे जमले. "झोप लागली ना?" वहिनींनी विचारलं. "लागली," बाई म्हणाल्या. तेवढ्यावर तो विषय मिटला, कारण सेक्रेटरी घाई करत होते. वहिनींनी रात्रभर विचार करून तोडगा काढला होता: बाहेरची खोली आवरलेली ठेवायची, ती मुलाला दाखवायची. आतली खोली विसकटायची, ती साहेबांना दाखवायची. दोघांना एकमेकांच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. ऐकायला किती सोपं.

विसकटायला सुरुवात झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत भांडण लागलं.

"गादी इथं होती," यजमान म्हणाले.

"गादी तिथं नव्हती. तिथं ट्रंक होती," सेक्रेटरी म्हणाले. ते काल घरात आलेच नव्हते, पण पदाधिकारी होते.

"वहिनी, तुम्ही काय करताय?"

"कपडे टाकतेय."

"तुम्ही घड्या घालताय."

वहिनींनी खाली पाहिलं. खरंच, पलंगावर त्यांनी चोराचा ढीग म्हणून जो ढीग केला होता, तो चारी कोपऱ्यांनी सरळ होता. "मग काय करू? हात ऐकत नाहीत." त्यांनी एक टॉवेल उलगडून फेकला. तो जमिनीवर पडला आणि त्याचं एक टोक दुमडलं. वहिनींनी वाकून ते सरळ केलं.

"चोर असा नसतो हो," सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

तिकडे दाराशी यजमान नवी कडी मोडत होते. त्यांनी हातोडी, छिन्नी आणि एक लोखंडी पहार असा सगळा सरंजाम जमवला होता. हातोडीचा पहिला ठोका पडला तशी वरच्या मजल्यावरची मंडळी जिन्यात वाकून बघायला लागली. "काय चाललंय?" "चोरी," यजमान म्हणाले आणि पुन्हा ठोका मारला. कडी हलेना. काल सुताराला त्यांनीच बजावलं होतं, चांगली घट्ट बसव. त्यांचा अंगठा सुजला, शर्टाला घामाचे नकाशे उमटले. एका अनोळखी, बहुधा अशिक्षित माणसानं जे गुपचूप केलं, ते आपल्याला भर दिवसा सगळ्यांच्या देखत जमू नये, हे त्यांच्या फार मनाला लागलं.

"त्यांना सवय असते," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी पेचकस आणला, चारही स्क्रू हलक्या हातानं काढले, आणि हरवू नयेत म्हणून एका वाटीत ठेवून वाटी दाराशेजारी ठेवली. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला.

आत, बाई इतका वेळ खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या. वहिनींच्या हातून तो टॉवेल चौथ्यांदा सरळ झाला तेव्हा त्या उठल्या. "सरका," म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही हातांनी कपड्यांचा एक गठ्ठा ओढला आणि भिरकावला. मग दुसरा. मग खणातल्या वस्तू, मग पुस्तकं. सुरुवातीला सगळे कौतुकानं बघत होते. मग बाई थांबेचनात. त्यांनी ढाल उचलली आणि तीही गादीवर आपटली. धाप लागली, केस सुटले, गालांवर रंग आला. काल चोरी कळल्यापासून त्या पहिल्यांदा त्यांच्यासारख्या दिसत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "असं होतं."

असं नव्हतं. चोरानं याच्या निम्मंही केलं नव्हतं. पण ते म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

हवालदार एकटेच आले. साहेब बंदोबस्तात अडकले होते, येतीलच. तोवर वहिनींनी त्यांना आपल्या घरी चहाला बसवलं. सर्दी पाहून आल्याचा चहा केला. यजमान साहेबांसमोर घामेजलेल्या शर्टात कसं उभं राहायचं म्हणून बनियनवर उभे राहून दुसरा शर्ट इस्त्री करत होते. बाई चहा घ्यायला आल्या, कपाला हात घातला, आणि थबकल्या.

"अहो, ही माझी इस्त्री."

यजमानांच्या हातातली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर थांबली ती थांबलीच. हवालदारांनी कप खाली ठेवला. वही काढली, कालचं पान उघडलं आणि रेघेच्या वरच्या ओळीत बोट ठेवलं. "इस्त्री," त्यांनी वाचलं. मग यजमानांकडे बघितलं. त्यांना वरपासून खालपर्यंत बघायला फार वेळ लागला नाही, कारण अंगावर फारसं काही नव्हतं.

"गेल्या आठवड्यात मागून आणली होती," यजमान म्हणाले. "परत करायची राहून गेली. बाई, तुम्हीच दिलीत की नाही?"

"दिली असेन. आता आठवत नाही," बाई म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या, पण ही वेळ खरं बोलायची नव्हती.

"मी बावीस वर्षं सरकारी नोकरीत आहे," यजमान म्हणाले.

"शर्ट जळतोय," हवालदार म्हणाले.

जळकट वास जिन्यापर्यंत गेला आणि त्याच वासातून मुलगा वर आला. हातात एक मोठी रिकामी सूटकेस. ती वहिनींनी आपल्या दारातून पाहिली. त्या चहाची गाळणी हातात तशीच घेऊन धावल्या आणि बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"या या. कशाला एवढी धावपळ केलीत? काही नाही हो, किरकोळ."

"काकांनी तर सांगितलं, घर फोडलं."

"फोडलं म्हणजे काय, उघडलं. तसा साधाच चोर होता. बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला आणि गेला. बघा ना, आहे का काही विसकटलेलं?" आणि वहिनींनी हात फिरवून बाहेरची खोली दाखवली. खोली लखलखत होती. मुलगा जरा सैलावला. सूटकेस खाली ठेवली. आणखी दोन मिनिटं मिळती तर वहिनींनी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता.

पण हवालदार इस्त्रीमुळे चेतले होते. ते चहा टाकून आले, सरळ आतल्या खोलीत शिरले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "बापरे. हे कालच का नाही दाखवलंत? केवढी नासधूस आहे."

मुलगा आत गेला. त्याच्यामागून सगळे गेले. गादी, पुस्तकं, परकर, ट्रंक, आणि सगळ्यांच्या वर उताणी पडलेली आदर्श मुख्याध्यापिका.

"हे किरकोळ?" मुलानं विचारलं.

"हे चोरानं नाही केलेलं," यजमान घाईघाईनं म्हणाले. जळक्या कॉलरचा शर्ट त्यांनी तसाच अंगात चढवला होता. "हे आम्ही केलं."

"तुम्ही?"

"म्हणजे चोरानं केलेलं वहिनींनी आवरलं," सेक्रेटरींनी खुलासा केला, "आणि मग ते आम्ही पुन्हा केलं. पोलिसांच्या सूचनेनुसार."

सगळ्यांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार शिंकले.

"बाई," ते वहिनींना म्हणाले, "काल मला म्हणालात पार उद्ध्वस्त केलं. आज यांना म्हणता किरकोळ. एक काहीतरी ठरवा. मला लिहायचंय."

दोन दिवस राबून वहिनींनी एका चोरीच्या दोन चोऱ्या केल्या होत्या आणि दोन्ही फसल्या होत्या. मुलगा सूटकेस घेऊन आला, ती उघडली, आणि पसाऱ्यात कुठून सुरुवात करावी ते कळेना म्हणून तिच्या कडेवरच बसला. त्याचाही चेहरा थकलेला होता. रात्रभर प्रवास करून आला होता बिचारा.

"आई, चल," तो म्हणाला. "काय घ्यायचंय ते सांग."

बाई उत्तर द्यायच्या आत बाकीचे सगळे एकदम बोलायला लागले. यजमान म्हणाले, दाराला आतून आडणा लावू. सेक्रेटरी म्हणाले, जिन्याला लोखंडी जाळी, मागच्याच सभेत विषय होता. हवालदार म्हणाले, एक कुत्रा पाळा. वहिनी म्हणाल्या, माझ्या घरी वाजेल अशी घंटा बसवू, वायर मी आणते. कुलूप, कडी, घंटा, जाळी. सगळ्या वस्तूंची नावं घेऊन झाली.

"गप्प बसा," बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण सेक्रेटरींचे हात आपोआप मागे गेले, हवालदारांनी वही मिटली, आणि मुलगा सूटकेसवरून उठून उभा राहिला.

"मला भीती वाटतेय," बाई म्हणाल्या. "काल रात्रभर दिवे लावून बसले होते. नळाचा थेंब पडला तरी दचकत होते. कालपासून कुणी कडी बोलतंय, कुणी ग्लास बोलतंय. मीच सांगितलं, झोप लागली म्हणून. काय सांगणार? याला कळलं असतं तर उचलून नेलं असतं. आणि तुम्हाला सांगून काय होणार होतं?"

मुलानं आईकडे बघितलं, मग खाली. "मग म्हणूनच तर चल म्हणतोय ना," तो म्हणाला, पण त्याचा जोर ओसरला होता.

"तुझ्याकडे आले तर रात्री दिवा मालवता येईल. ते खरं आहे." बाईंनी खोलीभर नजर फिरवली, गादीवर, खिडकीवर. "दिवसाचं काय ते बघू."

त्या खाली वाकल्या, पसाऱ्यातून एक शाल उचलली आणि सूटकेसमध्ये ठेवली. घडी न करता.

वहिनी पुढे झाल्या. त्यांना वाटलं होतं, आपण ती शाल घडी करायला जातोय. सवयीनं हात तिकडे गेलाही. पण शाल त्यांनी उचलली ती बाहेर काढली आणि छातीशी धरली. घंटेच्या वायरबद्दल काहीतरी बोलायचं राहिलं होतं, ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर दुसरंच आलं.

"बाई, जाऊ नका," त्या म्हणाल्या. "रात्री आमच्याकडे झोपा नाहीतर मी इथं झोपते, कितीही दिवस. पण जाऊ नका. मला नाही करमायचं."

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. वहिनींनीही नव्हता.

बाईंनी चष्मा खाली केला आणि त्याच्यावरून वहिनींकडे बराच वेळ बघितलं, उत्तर बरोबर आलं पण फार उशिरा आलं अशा मुलीकडे बघावं तसं.

"हे कालच म्हणायचं होतं ना," त्या म्हणाल्या. "एवढं घर कशाला आवरत बसलात?"